शेवटची ओळ इंग्रजीत

तात्या, तुमच्या टाइपच्या मशीनला आज मी हात लावला. तुम्हाला आवडलं नसतं, माहीत आहे. बायको असून मोठीआईसुद्धा वरवर फडकं फिरवायची, कव्हर काही काढायची नाही. पण तुम्हाला जाऊन आठवडा झाला. पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे आपापल्या गावी गेले, विहारातल्या सतरंज्या परत केल्या, आणि आज सकाळी दारात सोजरबाई येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, दुखाच्या घरात इचारू न्हाय, पर माझा अर्ज तात्याच्या मिशिनीतच ऱ्हायला."

कव्हर काढलं. खरंच होता. मराठी मशीनच्या रुळात कागद तसाच अडकलेला. सोजरबाईंचं नाव, सास्तूरचा पत्ता, नवऱ्यामागं घराच्या उताऱ्यावर लागलेलं नाव दीर काढू बघतोय त्याला हरकत, सगळं नीट. "तरी माझ्या हरकतीचा विचार व्हावा ही विनंती." आणि त्याखाली बोटभर कोरी जागा.

ती जागा कशासाठी ठेवली होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"मग दुसऱ्याकडून का नाही लिहून घेतला, मावशी?"

"तात्या म्हनलं ना, उद्या ये, एकच ओळ ऱ्हायली. इंग्रजी मिशिनीची फीत तुटली म्हनलं. म्या दुसऱ्या दिशी आले, तर हितं मांडव."

सोजरबाईंनी आणलेल्या नोटिशीवरची मुदत बघितली. परवाच संपली होती.

तात्या, मी हसले. मोठीआई माझ्याकडं बघत राहिली. उशीर माफ व्हावा म्हणून जी ओळ तुम्ही आयुष्यभर टाकत आलात, त्याच ओळीपायी शेवटच्या अर्जाला उशीर झाला. असलं काम तुम्हीच करू जाणे.

माझ्या बापाचे, आबाचे, तुम्ही थोरले भाऊ. मॅट्रिक नापास, तेही इंग्रजीत. आणि लोहाऱ्यात कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे अर्ज लिहिणारे अर्जनवीस. तुमच्यापुढं दोन मशिनी असायच्या. एक मराठीची, दणकट, रोज राबणारी. दुसरी इंग्रजीची, फक्त एका ओळीसाठी पाळलेली. अख्खा अर्ज मराठीत झाला की तुम्ही कागद काढायचा, कार्बनसकट सारखा करायचा, इंग्रजी मशीनमध्ये घालायचा, कड जुळवायची आणि एकच ओळ मारायची: द डिले मे काइंडली बी कंडोन्ड. मग कागद समोरच्याच्या हातात.

उशीर झालेला असो नाहीतर नसो. मुदत संपलेली असो, नाहीतर महिनाभर पुढं असो. ओळ पडायचीच. त्या मशीनचा 'ओ' इतका धारदार झाला होता की कागदाला भोक पडायचं. कंडोन्डमध्ये दोन 'ओ'. कागद उजेडाला धरला की शेवटच्या ओळीत दोन बारीक डोळे दिसायचे. शेजारचा कॉम्प्युटरवाला चिडवायचा, "तात्या, तुमचा अर्ज साहेबाकडं डोळं वटारून बघतोय." तुम्ही म्हणायचा, "बघू दे. मराठी अर्ज साहेब वाचतो. इंग्रजी ओळ साहेब ऐकतो."

नववीत असताना मी विचारलं होतं, "तात्या, कंडोन म्हणजे माफ करणं ना?"

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला. म्हणजे आता लांबणार.

"माफीची चार घरं हायती, सुजे. फरगिव्ह करतो तो घरचा. आई करती, बाप करतो. एक्स्क्यूज करतो तो बरोबरीचा, धक्का लागला, सोडून दिलं. पार्डन राजानं करायचं, फाशीच्या माणसाला. आन् कंडोन करतो साहेब. त्याला आपली माया न्हाय, आपला रागबी न्हाय. उशीर झाला हे त्याला दिसतंय. दिसून बी तो दार लावून घेत न्हाय. तेवढंच."

पुढं कॉलेजात इंग्रजी शिकवणारे पुष्कळ भेटले. एका शब्दाला एवढं उलटंपालटं करून दाखवणारा कुणी भेटला नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

तुम्हाला सांगायचं राहिलेलं तसं बरंच आहे. पण आधी भांडण. कारण आपलं खरं नातं त्या भांडणातच होतं, आणि ते तुम्ही अर्ध्यात टाकून गेलात.

बारावीनंतर मला जिल्ह्याच्या गावी कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा त्या गावाला अजून उस्मानाबादच म्हणत. सास्तूरहून रोज जाऊन-येऊन जमणारं नव्हतं. मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तर कॉलेज, नाहीतर नाही. आबानं आधीच सांगून ठेवलं होतं, "न्हाय तर न्हाय. लोहाऱ्याला शिलाईचा क्लास हाय की." आपल्या घरात तोवर कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं, त्यामुळं न चढण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. अर्ज तुम्हीच टाइप केला. मी स्वतः नेऊन दिला. मुदत संपायला तीन दिवस होते.

यादी लागली. माझं नाव पहिल्या यादीत नव्हतं. खाली दुसरी यादी होती, "मुदतीनंतर आलेले अर्ज. जागा उरल्यास विचार." त्यात पहिलंच नाव माझं.

आत जाऊन विचारलं. कारकून बाईंनी अर्ज काढला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "तूच लिहिलंयस की, उशीर झाला, कंडोन करा. आम्ही कशाला शोधायचं मग?"

मी बाहेर येऊन तुम्हाला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. आज आठवलं की कान गरम होतात. "तुमच्या त्या एका ओळीनं माझं वाटोळं केलं," असंसुद्धा म्हटलं. तुम्ही ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कचेरी किती वाजंपातूर उघडी आसती?"

एसटीनं आलात. धोतर नाही, पॅन्ट, आणि वर लग्नातला कोट, ऐन जूनमध्ये. तुमचा एक नियम होता: अर्ज बाहेर लिहायचा, आत ज्याचा त्यानं न्यायचा. अर्जनवीस कचेरीत शिरत नसतो. त्या दिवशी तुम्ही शिरलात. दारात चपला काढल्यात. तिथं कुणीच काढत नव्हतं. मी म्हटलं, "तात्या, घाला की." तुम्ही ऐकलं नाही.

साहेबांसमोर हात जोडून उभे राहिलात. "साहेब, ती वळ माझी हाय, पोरीची न्हाय. म्या समद्यालाच टाकतो."

साहेब माणूस वाईट नव्हता. हसला. "अहो, सगळ्यांनाच? कंडोन म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?"

आणि तुम्ही, मॅट्रिक नापास तात्या, तिथं उभ्या उभ्या ती चारही घरं सांगितलीत. घरचा, बरोबरीचा, राजा आणि साहेब. टेबलाभोवतीचे दोघं-तिघं कान देऊन ऐकू लागले. साहेबानं पेन खाली ठेवलं. "वा," तो म्हणाला. "चला, एवढं सांगितलंत तर मी उशीर कंडोन करतो. घेऊ हिचं नाव. विषय संपला."

तुमचा चेहरा काय उजळला तात्या! झाडाखाली बसून जो शब्द हजारदा मारला, तो समोर घडताना तुम्ही बघत होता. तुम्ही माझ्याकडं वळलात, आता पाया पड, असं डोळ्यांनी सांगत.

आणि मी म्हटलं, "नको साहेब."

मी एक पाऊल पुढं झाले.

"माझा उशीर झालेला नाही. मला माफी नको. तुमची आवक नोंदवही बघा."

"ए सुजे," तुम्ही दातातल्या दातात म्हणालात, "काम झालंय. गप बस."

"झालं नाही तात्या. कंडोन केलं तर मी उशिरा आलेलीच राहते. मी वेळेवर आले होते."

"अगं, साहेब देतोय ना!"

"माझंच आहे ते. द्यायचं काय त्यात?"

साहेबाच्या कपाळाला आठी पडली. आज कबूल करते, माझ्या मनात शिलाई मशीनचा आवाज सुरू झाला होता. पण त्यांनी वही मागवली. बाईंनी पानं उलटली. माझं नाव होतं. मुदतीच्या तीन दिवस आधीची तारीख, आवक क्रमांक, सगळं. साहेबानं वही बघितली, माझ्याकडं बघितलं, मग पहिल्या यादीत स्वतःच्या हातानं माझं नाव चढवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, नोंदवहीतली एक ओळ काय ताकदीची असते. पुढं मी जे झाले, ते त्या टेबलापाशीच झाले.

चपला हातात घेऊन तुम्ही बाहेर आलात. पायरीवर बसून घातल्यात. मला वाटलं, आता शाबासकी. तुम्ही म्हणालात, "माज करू नको. समोरचा मोठेपणा दाखवत आसंल तर दाखवू द्यावा. आपलं काम हूतं."

"मोठेपणा त्यांचा, आणि उशीर माझ्या नावावर?"

"नाव काय चाटायचंय?"

लोहारा येईस्तोवर तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात. उतरताना आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणालात, "पर बोललीस मात्र खणखणीत."

ते वाक्य मी जपून ठेवलंय. पदवीचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहे, ते वाक्य कुठं ठेवलंय ते मलाच माहीत.

भांडण संपलं नाही ते नाहीच. पहिल्या सुट्टीत मी डिक्शनरी घेऊन आले. मुद्दाम. ओसरीवर बसून वाचून दाखवलं: चूक खपवून घेणं, डोळेझाक करणं. "बघा तात्या. बातम्यांत पुढारी म्हणतात ना, आम्ही हिंसा कंडोन करत नाही. म्हणजे तो शब्द चुकीवर पांघरूण घालतो. तुम्ही लोकांना न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायला लावता."

"तुझ्या डिक्शनरीला म्हणावं, एक दिवस लिंबाखाली यून बस." तुम्ही भडकलात. "आन् कोर्टात इचार. नवरा-बायकोच्या खटल्यात बी हा शब्द हाय. एकानं केलेलं दुसऱ्याला ठावं हाय, तरी परत नांदायला घेतलं, तर त्याला बी कंडोन केलं म्हणत्यात. सौंसार चालतो त्याच्यावर."

मोठीआई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग मी ह्यांला रोजच कंडोन करती. लिव्हून द्या कुठंतरी."

तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एवढ्या वर्षांत त्या शब्दाचा सगळ्यात सरळ वापर तिनं केला, आणि तिला इंग्रजीतलं ओ की ठो येत नाही.

मग सरकारी नोकरीच्या परीक्षा दिल्या, दोनदा संधी हुकली, तिसऱ्यांदा यादीत आले, पहिल्या यादीत. भूमला महसूल सहायक म्हणून रुजू झाले. एक दिवस माझ्या टेबलावर एका बाईचा अर्ज आला, महिनाभर उशिराचा. बाळंत झालेली, सव्वा महिना घराबाहेर पडू दिलं नाही, तोवर मुदत गेली. अर्जात कारण लिहिलेलं, पण उशिराबद्दल काही मागितलेलंच नव्हतं. तिला कुणी तात्या भेटला नव्हता. मी टिपणी लिहिली: "विलंब क्षमापित करण्यास हरकत नसावी." साहेबांनी सही केली. दुपारच्या सुट्टीत तुम्हाला फोन लावला.

"तात्या, आज मी कंडोन केलं."

"तू न्हाय. साहेबानं केलं. तू खाली लिव्हलं."

"माझ्याच टिपणीवर केलं."

"बरं. त्या बाईला इचारलंस का, उशीर का केला म्हणून? चारचौघांत?"

"नाही."

"मग शिकलीस," तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात.

तेव्हाच म्हणायला हवं होतं, तात्या, तुमचं थोडं पटलं. निम्मं तरी. पण मी म्हटलं नाही. म्हटलं, पुढच्या वेळी गावी गेल्यावर म्हणू, मोठीआईसमोर. पुढची वेळ ही अशी आली.

असो. आज सकाळचं सांगते.

सोजरबाईंना मोठीआईनं चहा दिला आणि मी फीत शोधायला तुमची ट्रंक उघडली. फीत सापडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तिच्याखाली कार्बन नकला. वर्षावर्षाचे गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. मी मुद्दाम त्या सालचा गठ्ठा काढला, माझ्या वसतिगृहाचा. माझा अर्ज होता. शेवटी ती ओळ, दोन डोळे. पुढच्या सालचा काढला. कुणाकुणाचे अर्ज, सगळ्यांना ओळ. मग एका मुलीचा कॉलेजचा अर्ज. ओळ नव्हती. आणखी एक, नर्सिंगच्या प्रवेशाचा. नव्हती. मी खाली बसले आणि गठ्ठेच्या गठ्ठे चाळले. माझ्यानंतर शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या एकाही पोरीच्या कागदावर तुम्ही ती ओळ मारलेली नाही. एका कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंय, "तारीख बघितली. मुदतीत हाय."

म्हणजे तुम्ही मान्य केलं होतं! पुढच्याच वर्षी! आणि मला दहा वर्षं ओसरीवर भांडवत ठेवलंत. माझी जीत ट्रंकेत सुतळीनं बांधून ठेवलीत. तात्या, तुम्ही म्हणजे कमाल आहात.

मी मोठीआईला हाक मारून दाखवणार होते. तेवढ्यात सगळ्यात तळाचा कागद दिसला. टाइप केलेला नव्हता, वहीचं पान होतं, तुमचं तरुणपणीचं अक्षर. त्र्याण्णवच्या भूकंपानंतरचा अर्ज. नव्या गावठाणात घर मिळावं म्हणून. तुमचा स्वतःचा.

"गावातील लोकांचे अर्ज लिहिण्यात दिवस गेले. लोक रांगेत होते, त्यांना नाही म्हणता आले नाही. माझा स्वतःचा अर्ज मुदतीत देता आला नाही." आणि खाली इंग्रजी ओळ. ती लिहिलेली नव्हती, काढलेली होती. एकेक अक्षर चित्रासारखं, कुणीतरी लिहून दिलेलं समोर ठेवून उतरवलेलं. पाठीमागं तुम्ही टीप केली होती: "बाहेरगावचे वकील मदतीला आलते त्यांनी वळ दिली. घर मंजूर."

घर मंजूर. हेच घर. ह्याच घरात माझा जन्म झाला. ह्याच ओसरीवर डिक्शनरी घेऊन मी तुम्हाला सांगत होते की तो शब्द चुकीवर पांघरूण घालतो.

मोठीआईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग मला का नाही सांगितलं कुणी?"

"ते म्हनायचे, पोरीला सांगू नको. ती ताठ हाय, ताठच ऱ्हाऊ दे. हे ऐकलं तर भांडायची थांबंल."

मी रडले, ते तुम्हाला सांगत नाही. तुम्ही चिडवाल. मग उठले, तोंड धुतलं, इंग्रजी मशीनला फीत चढवली, बोटं काळी करून घेतली, सोजरबाईंचा कागद एका मशीनमधून काढून दुसऱ्यात घातला, तुमच्यासारखी कड जुळवली. आणि पहिल्यांदा ती ओळ मी स्वतः मारली. पण नुसती नाही. कारणासकट. ह्या अर्जाचे लेखक वारल्यामुळे दोन दिवसांचा विलंब झाला, तो कंडोन व्हावा. सगळं इंग्रजीत. 'ओ'ला भोकं पडली. सोजरबाईंना उजेडाला धरून दाखवली. "तात्याच हायती की," त्या म्हणाल्या.

आबाच्या मोटरसायकलवर त्यांना मागं बसवून लोहाऱ्याला गेले. लिंबाखाली तुमची जागा रिकामी होती, कॉम्प्युटरवाल्यानं तिथं कुणाला बसू दिलेलं नाही. मी आत गेले. चपला घालून गेले, तात्या. आवक शिक्का मारून घेतला, पोच घेतली, आणि साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी अर्ज वाचला. शेवटच्या ओळीपाशी थांबले.

"अर्जनवीस वारले म्हणजे, समोर बसायचे ते तात्या?"

"हो. माझे चुलते."

"मला वाटलं आजारी असतील." त्यांनी हिरव्या शाईचा पेन घेऊन समासात लिहिलं: "कारण सबळ. विलंब क्षमापित. हरकत सुनावणीस घ्यावी." खाली सही.

बाहेर आल्यावर सोजरबाईंनी माझा दंड धरला. "काय म्हनला साहेब? घर ऱ्हाईल का?"

"तुमचं म्हणणं ऐकून घेणार आहेत, मावशी. दार लागलेलं नाही."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि लिंबाकडं बघून हात जोडले.

तात्या, आयुष्यभर तुम्ही त्या ओळीनं दुसऱ्यांच्या उशिरांची माफी मागत आलात, झालेल्या आणि न झालेल्याही. खरा तुमचा उशीर दोनदाच झाला. पहिल्यांदा गावाचे अर्ज लिहिता लिहिता, दुसऱ्यांदा सोजरबाईंचा लिहिता लिहिता. पोच माझ्या पर्समध्ये आहे, सांजच्याला ट्रंकेत ठेवीन, वहीच्या त्या पानावरच.

दोन्ही मंजूर.